अडेनियमचा ताण

प्रिय सुमन,

आज सकाळी तुझ्या अडेनियमचं फुगीर खोड दाबून पाहिलं, तर बोट आतच गेलं! आंबूस वास आला. हे दुसऱ्या कोणाले सांगू? झाड तुझ्या हातचं, म्हणून तुलेच लिहून राहिलो.

ऐन थंडीत तू गेली अन् राजापेठेतलं आपलं घर तेरा दिवस माणसांनी भरलं. येईल त्याले आधी पाण्याचा गिलास. अन् उरलेलं पाणी आपल्याकडे कोणी मोरीत फेकते का? दाराशीच तुझी कुंडी. जो तो उठताना तिच्यातच ओते. झाडाची पानं गळलेली पाहून तुझी वहिनी म्हणे, "माय वं, मालकीण गेली अन् झाडही सुकून राहिलं!" अन् तिनं अख्खा तांब्या उपडा केला. मी समोरच बसलो होतो. काहून बोललो नाही मी?

शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्याची पोर तू. थंडीत झाडाचं पाणी बंद करून त्याले ताण द्यायचा, मग पाणी सोडून ताण तोडला की बहार फुटतो, हे माहेरूनच शिकून आलेली. अडेनियमलेही तोच नियम. मी एकदा चोरून मगभर पाणी घातलं, तर दोन दिवस अबोला! पुढं वैशाखात कुंडीभर गुलाबी फुलं आली, तेव्हा म्हणाली, "पाहा मास्तर, हे तुमच्या शाळेत नाही शिकवत."

मग तुझ्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाणी मोजूनमापून सांगितलं. तो स्टीलचा छोटा गिलास, दिवसातून चारदा. अन् पहारेकरी मी! तू आधी हसायची. "मलेही ताण देऊन राहिले का हो? मग फुलं कधी येतील?" नंतर हसणं गेलं. शेवटच्या दिवशी दुपारी हात धरून म्हणाली, "मास्तर, आता तोडा ना ताण. एकच घोट."

मी म्हटलं, "संध्याकाळी देतो."

संध्याकाळपर्यंत तू राहिलीच नाही.

डॉक्टर म्हणतात, मी बरोबरच केलं. त्या बरोबरचं मी काय करू, सुमन? तुले घोटभर दिलं नाही, अन् ज्याले द्यायचं नव्हतं त्याच्यात तांबे रिकामे होताना तोंड उघडलं नाही. अन् तूही कशी वं! उभ्या जन्मात माझं ऐकलं नाही, त्याच दुपारी काहून ऐकलं? हिसकून घ्यायचा होता गिलास!

दुपारी सुरी घेऊन बसलो. तू करायची तसं सडकं कापत गेलो. वरपर्यंत काळंच. एक बोटभर शेंडा तेवढा टणक निघाला. कापावर हळद लावून तो सावलीत ठेवला आहे. जगेल असं वाटत नाही. खोटं काहून सांगू तुले?

तरी एक वचन देतो. त्याचा काप सुकेपर्यंत थेंबभर पाणी देणार नाही. कोणी कितीही कळवळलं तरी नाही म्हणेन. नाही म्हणायले जमते मले. तुले माहीतच आहे.

तुझा,
मास्तर