इंजिन ज्याचं, त्यानंच चालू करावं

पुणे

तीर्थरूप बाबा, तुमाला अन् आईला जयभीम.

मी बरा हाय, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा हाय? कॉलेज सोडल्याचं मनाला लावून घेऊ नका. विज्ञान संग्रहालयात जुनी यंत्रं पुसायचं काम लागलंय.

परवा इथं पुसेगावचं संपतरावांच्या विहिरीवरचं इंजिन आलं. तीस वर्षं तुमी हँडल मारलं, अन् पाटीवर लिहिलंय, ‘संपतरावांनी स्वतः चालवलेलं इंजिन’. त्यांनीच तसं लिहून दिलं म्हणे. डोकं फिरलं माझं.

पण भांडलो न्हाई. साहेबांना म्हणलो, “मग उद्घाटनाला त्यांनाच चालू करू द्या की!” साहेब खूश. पत्रिकासुद्धा छापून झाली.

पण ते कसं चालू होतं, हे तुमाला सोडून कुणाला ठावं हाय? आता संपतराव ती खुबी विचारायला तुमच्याकडं येतील. तुमी भोळे, सांगून बसाल. सांगू नका. तुमाला उन्हात उभं करायचे, तसं त्यांना करा.

संगं त्यांची साधना असली तर तिला मात्र आत बसवा, चहा द्या. मला दारातून हाकललं ते तिच्या बापानं, तिनं न्हाई. तिनं माझं विचारलं तर मजेत हाय म्हणा. न विचारताच गेली, तर तेवढं मला कळवू नका.

तुमचं तापट लेकरू,
प्रज्ञेश