आज चिमी सरावाला येणार नाही

चिरंजीव,

चिमीला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे चाललेय. रॅकेट माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला, तेव्हा उगाच शोधाशोध करू नकोस. बायकोवरही डाफरू नकोस, तिला मी विचारलेलंच नाही.

पोरीचं पोहणं सोडवलंस, नाच सोडवलास, खालच्या पोरींबरोबर पकडापकडीसुद्धा बंद केलीस. का, तर टेनिस एके टेनिस! एवढ्याशा लेकराचा उजवा हात डोक्यापर्यंत वर जात नाही, आणि तू म्हणतोस सवय होईल. अरे, नव्या चपलेची सवय होते, दुखऱ्या खांद्याची नाही.

काल वेणी घालत होते तर हळूच विचारते, "आजी, हात मोडला तर सुट्टी मिळते का गं?" माझ्या हातातला कंगवा तिथंच थांबला.

आता डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळ बंद. पुढे काय खेळायचं ते तिला विचारायचं, तुला नाही. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून गिळ.

आणि तुझ्या त्या कोचला तूच फोन कर. मी केला तर काय ऐकवीन, ते तू लहानपणापासून ऐकत आलायस.

आई