नातवाच्या केकवरचं मोती

रविवार, दिवेलागण

व्हय, मीच लावलं ते मोती. नातवाचा पहिला वाढदिवस, केक सुनेनं घरीच केल्ता. तिच्या घामेजल्या हाताला साखरेचं मोती चिकटायचं, म्हनून एकेक मोती मीच बसवला. थोरल्या जाऊबाई म्हनल्या, "लईच नटवलाय गं!" मी म्हनलं, "तुमच्या गळ्यातल्यापरीस माझं खरं हायेत, चावून बघा." समद्या खदखदा हसल्या.

मग ओवाळायची वेळ झाली, अन् ह्याच जाऊबाई म्हनत्यात, "सवाशिनींनी पुढं या." झालं. मोती लावायला माझा हात चालतो, अन् पोराला कुंकू लावायला चालत न्हाई? ह्यांच्याच मालकानं ग्रामसभेत हात वर केल्ता, विधवा बाईला बी मान द्यायचा म्हनून. टाळ्या बी लई वाजल्या. मी आपली भिंतीला टेकून हुबी. समदी कडाकडा मोती चावत हुती, मला मातुर घास गोड लागंना. कुनाचं काय वाईट केलंय मी?

आतापतूर जाऊबाईला मनात शिव्या घालत बसले. पन खरं लिहू का? सुनेनं ताट माझ्याच हातात दिलं हुतं. "आई, पहिलं तुमी ओवाळा," समद्यांसमोर म्हनली. मीच ते खाली ठिवलं. माझ्या हातानं पोराला काय झालं तर, असं माझ्याच मनात आलं.