दुष्काळी रस्त्यावरची सायकल

२४ नोव्हेंबर १९७५, सोमवार

परत उशीर! शाळेत पोचले तर प्रार्थना संपून पोरं पाढे म्हणून राह्यली होती. शाळेत शिकवायला आम्ही दोघंच – मी अन् रखमाजी गुरुजी. ते मुख्याध्यापक. त्यांनी हजेरीपट पुढं सरकवला अन् म्हणाले, आणीबाणी आहे शिवकन्याबाई, आता उशीर चालायचा न्हाई. जसं काय मी मुद्दाम झोपून राह्यले! टेंभुर्णीहून एस.टी. तिच्या मर्जीनं निघते. फाट्यावर उतरवते. तिथून धनगरवाडीपर्यंत तंगडतोड. वाडीतच राहावं तर आमच्या माणसाला खोली कोण देतं? दोन घरी विचारून पाह्यलं. "जागा न्हाई." जागा होती. मी डोळ्यांनी पाह्यली.

पुढच्या महिन्यात पंचायत समितीचे साहेब तपासणीला येणार. त्या दिवशी शाळा भरताना मी हजर नसले तर नोकरी गेलीच समजा. अजून कायम कुठं झालेय मी!

२५ नोव्हेंबर

आईला सगळं सांगितलं. चुलीपुढनं मान वर न करता म्हणाली, "सोडून दे. जालन्याचं स्थळ अजून थांबलेलं हाय." वडील गेल्यापासून घरात आमच्या मातोश्री चांगुणाबाईंचाच शब्द चालतो.

मी म्हणलं, तपासणीपर्यंत मुदत दे. त्या दिवशी वेळेवर पोचले तर स्थळाचं नाव काढायचं न्हाई.

"अन् न्हाई पोचली तर?"

तर मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहीन, म्हणाले. बोलून तर बसले.

२८ नोव्हेंबर

सुचलं! धाकटा भाऊ देवानंद औरंगाबादला कॉलेजात गेला तेव्हापासून त्याची सायकल छपरात पडून आहे. कोंबड्या बसतात तिच्यावर.

अन् रस्ता? आमच्या वस्तीमागनं दुष्काळी रस्ता जातो ना. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं खडी फोडायला लावली त्यातला. जीवरेखा नदीपर्यंत गेला, पाऊस पडला, काम बंद झालं, अन् रस्ता तिथंच नदीकडं बघत बसलाय. नदीपल्याड बाभळीचं बन, बनातनं मेंढरांची पायवाट, ती सरळ धनगरवाडीला. एस.टी. घालते तो वळसाच न्हाई!

आई म्हणाली, "तिथं माणूस जात न्हाई." मी म्हणलं, मेंढरू जातं ना? मंग मी बी जाईन.

३० नोव्हेंबर, रविवार

पडले. परत पडले. जालन्याला अध्यापक विद्यालयात होते तेव्हा मैत्रिणीच्या सायकलवर शिकलेली, पण ती बायांची सायकल होती. ही गड्यांची, मधे दांडी! गोल साडी चेनीत गेली अन् टरकन फाटली. वस्तीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारच्या भुजंगची बायको म्हणे, मास्तरीणबाई, आधी बैल जुंपा.

आई उंबऱ्यात उभी होती. हसली न्हाई. आत गेली, स्वतःचं जुनं लुगडं आणलं अन् माझ्या अंगावर फेकलं. "कासोटा घाल. म्या याच लुगड्यात तिथं खडी फोडली. कुठं अडकलं न्हाई."

कासोटा घातला अन् दांडीवरनं टांग टाकली. बसले की बराबर!

१ डिसेंबर, सोमवार

पोचले! घंटेच्या आधी! गुरुजी अजून दात घासून राह्यले होते!!

किती दिवसांनी असं मोकळं वाटलं. सुरवातीला खडी नुसती खडखडते, दातावर दात आपटतात, घंटी आपोआप वाजते. पुढं मुरूम लागला की चाक बोलत न्हाई, नुसतं पळतं. नदीचा उतार आला तेव्हा भीतीनं ओरडले, अन् मंग तशीच ओरडत गेले, कारण मजा येऊन राह्यली होती. ऐकायला कोण होतं? एक बगळा. तो उडाला. सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले. पाणी पोटरीएवढं अन् असं गार की आई गं! पल्याड बनात शिरले तर पिवळ्या फुलांचा वास, खाली शेळ्यांच्या लेंड्या, वर होले घुमून राह्यलेले. अन् मी! शाळेमागं लुगडं बदलून साडी नेसले, बाई होऊन वर्गात.

एकच खोट. बनात फांद्या इतक्या खाली आल्यात की तोंड ओरबाडून निघालं. पोरं विचारत होती, बाई मांजर चावलं का? तिथं शेळ्या-मेंढरं चारतात त्या मल्हारीमामांना म्हणलं, वाटेवरच्या तेवढ्या फांद्या तोडता का. म्हणाले, त्यात काय, उद्याच.

३ डिसेंबर

मल्हारीमामांचं भलं होवो! फांद्या तोडल्या. सगळ्या. अन् तिथंच वाटेत टाकून शेळ्यांना खाऊ घातल्या! पाला शेळ्यांच्या पोटात, काटे माझ्या चाकात. दोन्ही चाकं बसली. सायकल ढकलत गेले, दुपारच्या सुट्टीला टेकले. गुरुजी म्हणाले, बाई, आता मी तरी काय करू?

संध्याकाळी मल्हारीमामांच्या दारात जाऊन जे तोंड सोडलं! म्हातारा बिचारा गोंधळून गेला. म्हणाला, "बाई, रोज दोनशे खूर जातात त्यावरनं. एक शेळी लंगडली न्हाई. मला काय ठावं तुमचं चाक इतकं नाजूक!"

मला रडू यायला पाह्यजे होतं, आलं हसू. त्यांची बायको जयवंताबाई बी हसली. मंग मला ओट्यावर बसवलं अन् चहा दिला. त्यांच्याच कपात. त्याच कपात त्या मागनं स्वतः प्याल्या. मी पाह्यलं.

४ डिसेंबर

मल्हारीमामांनी बैल जुंपून बनातल्या वाटेवर वखर फिरवला! शेतातलं तण काढतात तसे काटे खरवडून बाजूला. जयवंताबाई मागनं झाडू घेऊन. वाट अशी झाली की पापड वाळत घाला.

६ डिसेंबर

बाबासाहेबांचा दिवस. सकाळी विहारात वंदनेला आई अन् मी. मंग शाळा. वेळेवर.

१० डिसेंबर

रोज वेळेवर. हाताला घट्टे, गुडघा निळा, भूक राक्षसाची. आई रोज संध्याकाळी सायकल पुसून ठेवते. मी म्हणलं, माझी मी पुसते की. तर म्हणे, "तुला येत न्हाई. तारांमधला चिखल तसाच ऱ्हातो."

मंग विचारते, उभी कशी ऱ्हाती गं ती? थांबली की पडती अन् पळाली की उभी! मी म्हणलं, तुझ्यासारखीच.

१५ डिसेंबर, सोमवार

आज तपासणी. अंधारातच उठले. नदीत धुकं इतकं की पाय दिसेना. मधेच दगडावरनं घसरले अन् सायकलीसकट बसले पाण्यात! लुगडं भिजून जड. दातखीळ बसायची वेळ. वाटलं, संपलं, चला आता जालन्याला. पण बनाच्या टेकाडावर आले अन् पाह्यलं तर लांब फाट्यावर धुरळा. एस.टी. आली होती! साहेब त्यातच असणार. मंग पायडलवर उभी राह्यले. वाट झाडलेलीच होती. एक काटा न्हाई!

शाळा भरली तेव्हा मी शाळेतच ठेवलेली कोरडी साडी नेसून प्रार्थना सांगत होते. साहेब पोचले ते मागनं, घामाघूम, बुटावर धूळ. घड्याळ बघितलं. मंग हजेरीपट बघितला. मंग मला विचारलं, बाई, तुम्ही इथंच राहता?

न्हाई, टेंभुर्णीला.

मंग माझ्या आधी कशा पोचलात?

मी लिंबाखालच्या सायकलकडं बोट केलं. तिच्यावर माझं लुगडं वाळत होतं. लाज वाटायच्या ऐवजी छाती फुगली. मल्हारीमामा कुंपणापलीकडनं म्हणाले, "साहेब, बाईंची वाट आम्ही सोता झाडतो." गुरुजींनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघून मान हलवली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं – उपस्थिती समाधानकारक. समाधानकारक! मला तर गुढी उभारावी वाटत होती.

घरी येऊन सांगितलं. आई भाकरी थापत होती. थापायची थांबली. "जालन्याला न्हाई म्हणून कळवते," म्हणाली, अन् पाठ फिरवून कितीतरी वेळ डोळे पुसत राह्यली. धूर फार होता म्हणे. चूल विझलेली होती.

१९ डिसेंबर

आज आईनं एकदम विचारलं, "नदीपल्याड काय हाय गं?"

मी म्हणलं, तुला ठाऊक न्हाई? रस्ता तर तुम्हीच केला.

"अल्याड केला. पाऊस आला अन् मुकादम म्हन्ला, चला घरी. पल्याड कोन कशाला जातंय?"

सांगितलं – बन, होले, फुलं, जयवंताबाईंचा चहा. ऐकत राह्यली. मंग मी आत गेले तर बाहेर घंटी वाजली. एकदाच. दाबून. बाहेर आले तर ही आपली सायकल पुसून राह्यलेली.

२१ डिसेंबर, रविवार

आज शाळा न्हाई म्हणून उशिरा उठले. अंगणात सायकल न्हाई. घरात आई न्हाई. भुजंगची बायको दारात तोंड उघडं टाकून उभी, नदीकडं बघून राह्यलेली.

तिकडनं घंटी ऐकू येऊन राह्यलीय.