पोटावरच्या जांभळ्या रेघा

ता. १४ जानेवारी १९९४, शुक्रवार. वालूर.
संक्रांत. औरंगाबादच्या दवाखान्यातून सणापुरता आलो. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर कोबाल्टचे एकवीस शेक झाले, चौदा बाकी. किरणांचा नेम चुकू नये म्हणून पोटावर जांभळ्या शाईच्या रेघा आहेत. त्यांस पाणी लावू नये, अशी वाघमारे यांची ताकीद. (मशीन चालविणारे. सेलूचे.) परंतु सणाच्या दिवशी अशा रेघोट्या घेऊन देवापुढे बसणे मला मान्य नव्हते. सौ. ने तिळाचे उटणे दिले, घासून काढल्या. लघवीत रक्त.
रेडिओवर विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी. चि. भगवान (पुतण्या) पारावर पोरे जमवून त्याविरुद्ध ओरडत होता. अडविले नाही.

ता. १७, सोमवार. औरंगाबाद.
सेलूहून सकाळची बस. वाघमारे पुढील बाकावर. नमस्कार झाला. देवगाव फाट्यावर टायर जळत होते. दगड आले, काचा फुटल्या. जमावापुढे भगवान. प्रत्येकास नाव-गाव विचारू लागला. वाघमारे यांनी नाव स्पष्ट सांगितले. केस धरून खाली ओढले. सायकलच्या साखळीने मारले. डोके फुटल्यावरही मारीत होते. वाघमारे माझ्याकडे पाहत होते.
भगवान आत येऊन माझ्या पाया पडला. "काका, तुमी बसा. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंग्यात तुमीच तर शिकवलं आमाला."
ते खरे आहे.
मी वाघमारे यांची ओळख दाखविली नाही. भगवानाने मला जीपने पोहोचविले. दवाखान्यात मशीन बंद. चालविणारा आला नाही, म्हणाले. दुसरा कोणी नाही.

ता. १८, मंगळवार.
वाघमारे आले. डोक्यास टाके, एक डोळा मिटलेला. माझे धोतर सोडून पाहिले. रेघा नाहीत. रागावले नाहीत. डॉक्टरांना बोलावून मापे पुन्हा घेतली, पुन्हा आखल्या. हात स्थिर होता. म्हणाले, परदेशात अणूच्या कणांचा झोत सोडतात, तो गाठीतच जाऊन थांबतो. आपला किरण आरपार जातो, रेघ चुकली तर मूत्राशय जळेल.
बाहेर जाताना विचारले, "काल तुमी येळेवर पोचले ना, काका?"
खोलीत एकटा पडून होतो. मशीन घुमत होते.
डॉक्टर म्हणाले, आणखी खंड पडल्यास शेकाचा भरवसा नाही. मग दोन्ही अंडकोश काढावे लागतील. गोऱ्हे खच्ची करताना मी स्वतः दोर धरलेला आहे. त्याचा आवाज ठाऊक आहे.

ता. २२, शनिवार. वालूर.
स्नान केले नाही.
सोमवारी पुन्हा बंदची हाक. भगवानास बोलावून बजावले की, वाघमारे यांना जाऊ द्यावे. ते नसतील तर माझा शेक नाही. हसला. म्हणाला, "काका, दुखणं खालचं हाय का डोस्क्याचं?" काठी मारली, कानावर बसली, रक्त आले. त्याने काठी हिसकली, गुडघ्यावर मोडली.
"बापाच्या जागी हाव म्हणून सोडलं. सोमवारी जीप पाठवतो. एकटे या."
सौ. मध्ये पडली, तिलाही ढकलले. मी त्याच्या नरड्यास हात घातला. पुढे शेजारच्या दोघांनी सोडविले.

ता. २४, सोमवार. बसमध्ये.
जीप परत पाठविली. सेलूस वाघमारे उभे होते, जावे की न जावे अशा विचारात. म्हणालो, चला. म्हणाले, "त्या दिशी तुमी मला वळखलं न्हाई."
"ओळखले होते," म्हणालो.
मग चढले. त्यांना आतील बाजूस बसविले, मी खिडकीकडे. बसमध्ये आम्ही सहा जण. हाती काठी नाही.
फाट्याकडे धूर दिसत आहे. ड्रायव्हर मागे वळून विचारीत आहे, थांबवू का. सगळे माझ्याकडे पाहत आहेत. चालू दे, म्हणालो.