साखरेचा आळ

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. सध्या तो पडल्या पडल्याच घडतो आहे.

हार्ट अटॅक आला तेव्हा माझे डोळे मिटले होते, कान नव्हे. रक्तातली साखर तीनशे निघाली आणि तू माझ्या बायकोला म्हणालीस, "तुझ्या गोडधोडानंच माझ्या भावाचा घात केला!" साक्ष नाही, प्रमाण नाही, थेट शिक्षा! अगं विदुषी, हृदयाला धक्का बसला की शरीरच साखर वाढवतं, असं डॉक्टर सांगतात. माझी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी धुतल्या तांदळासारखी निघाली. ती बिचारी मात्र तेव्हापासून स्वतःचा चहाही बिनसाखरेचा पिते आहे.

मला रागवायला बंदी आहे, म्हणून हे पत्र उशीखालीच राहील. उद्या तू आलीस की तोंडी एवढंच सांगेन: आधी तिची माफी माग, मग माझी तब्येत विचार.

तुझा, अजून धडधडणारा,
धाकटा