मोटारसायकलची टकटक

३ फेब्रुवारी, सोमवार
मोटारसायकलमधून टकटक येते आहे. सतरा तारखेला मुलगी नोकरीवर रुजू होणार. ऑफिस बारा किलोमीटर, म्हणून गाडी तिला द्यायची ठरली आहे. ती म्हणाली, बाबा, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवा ना. मी म्हणालो, तुझा बाप तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवतोय, टिचकी मारून तडा ओळखतो. हा आवाज इंजिनातल्या टॅपेटचा. सतराच्या आत माझ्या हाताने गाडी ठणठणीत करून देणार. शब्द दिला.

५ फेब्रुवारी
टूलकिट आणली. चाळीस सॉकेट, रिंग पाने, पेचकस, पक्कड, आणि एक आकडी. तिचा उपयोग लवकरच कळेल. शेजारी वस्तू मागून नेतो आणि विसरतो, म्हणून पेटीला पितळी कुलूप. किल्ली गाडीच्याच जुडग्यात, दुकानाच्या किल्ल्यांशेजारी. सगळं एका जागी.

६ फेब्रुवारी, सकाळी ८
आवाज वाढलाय. म्हणजे निदान बरोबर. रोग बळावतोय.

९ फेब्रुवारी, रविवार
टॅपेट गाठायचं तर आधी टाकी काढायला हवी. टाकीच्या बोल्टपर्यंत हात पोचतो तिथे पाना पोचत नाही. पाना पोचतो तिथे हात. सकाळ गेली, बोटाचं साल गेलं. बायकोने माझ्याच पेचकसाने कुकरचं हँडल दोन मिनिटांत आवळलं. वर म्हणाली, छान आहेत हो हत्यारं!

११ फेब्रुवारी
दोष हत्यारांच्या अपुरेपणाचा. एक्स्टेंशन, टॉर्क रेंच, डोक्याला बांधायचा दिवा, स्क्रू ठेवायला चुंबकाचा ट्रे. पेटीत मावेना, म्हणून लोखंडी कपाट. कपाटाला कुलूप. किल्ली जुडग्यात.
संध्याकाळी: टकटकची खटखट झाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
टॅपेट तूर्त राहू दे. जुन्या ऑइलनेही इंजिन वाजतं. ऑइल बदलणे, अर्ध्या तासाचं काम.
दुपारी ४. गाडीखाली झोपून ऑइलचा बोल्ट फिरवला. हलेना. पान्याला पाइप लावून जोर दिला. कर्र झालं आणि बोल्ट नुसताच गरगर फिरू लागला. दिशा मी उभं राहून ठरवली होती, फिरवलं झोपून. आटे गेले. ऑइल थेंब थेंब गळतंय. खाली बायकोचं धुण्याचं घमेलं लावलं. ती एक शब्द बोलली नाही. भांड्याला भांडं लागलं तर निदान आवाज होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
गाडी शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे. मी हँडल धरलं, मुलीने मागून ढकललं. सगळी गल्ली दारात. जाता जाता एक विलक्षण गोष्ट कानावर आली: इंजिन बंद, तरी प्रत्येक खड्ड्याला खटखट चालूच! दुखणं फार खोलवर गेलंय. मुलीला हे सांगितलं. ती खाली मान घालून ढकलत राहिली, खांदे हलत होते. दमली असावी.
मेकॅनिक म्हणाला, काका, मंगळवारी मिळेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मुलगी दोन बस बदलून ऑफिसला गेली. पहिल्याच दिवशी वीस मिनिटं उशीर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मेकॅनिकने नऊ किल्ल्यांचं जुडगं माझ्यासमोर धरलं. म्हणाला, काका, टॅपेट एकदम फर्स्ट क्लास. इग्निशनला हे लोढणं लटकवलंत, ते हेडलाइटच्या पत्र्यावर आपटतंय. मग त्याने पत्र्यावर टिचकी मारली आणि मला विचारलं, भांडं ओळखलंत का?
चुकलं ते माझ्या कानाचं नव्हे. आवाज पत्र्याचा आहे एवढं मला आतून कधीपासून वाटत होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
मुलीला गाडीची एकच किल्ली दिली. ती म्हणाली, शब्द पाळलात हं बाबा, गाडी ठणठणीत आहे. चेहरा इतका सरळ ठेवला होता की टोमणा होता की काय, माझ्या कानालाही कळलं नाही. वळणापर्यंत कान देऊन उभा राहिलो. काही वाजलं नाही.
पेटीची आणि कपाटाची किल्ली बायकोने स्वतःकडे घेतली. संध्याकाळी पक्कड हवी होती, मागावी लागली. तिने आधी विचारलं, कशाला?